अंगणातल्या मुंग्या: आधी पाहणी, मग आमिष, फटी सगळ्यात शेवटी

मे संपत आला की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. कुणाच्या ओट्यावर काळ्या मुंग्यांची रांग लागलेली असते, कुणाच्या जास्वंदीवर मुंगळे चढलेले असतात, कुणाच्या अंगणात लाल मुंग्यांमुळे पोरांना अनवाणी पाय टाकता येत नाही. प्रत्येकाने काहीतरी केलेलं असतंच. खडू ओढलेला असतो, पावडर टाकलेली असते, स्प्रे मारलेला असतो. आणि चार दिवसांनी रांग पुन्हा तिथेच, नाहीतर हातभर बाजूला.

चूक औषधात क्वचितच असते, ती क्रमात असते. आपल्याला दिसते ती रांग म्हणजे खाणं आणायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या, बिळातल्या एकूण संख्येचा थोडासा भाग. राणी आत मातीखाली अंडी घालत बसलेली असते. रांग मारली तरी त्या अंड्यांतून नवी रांग उभी राहते. म्हणून विष आपण बिळापर्यंत पोचवायचं नाही; ते मुंग्यांनीच आपल्या पायांनी आत न्यायचं. खालचा प्रत्येक टप्पा एवढ्यासाठीच आहे, आणि टप्प्यांची अदलाबदल केली तर आमिष वाया जातं.

१. पहिला आठवडा काहीही मारू नका, फक्त बघा

खडू, स्प्रे, फिनेल, रॉकेल, सगळं बंद. हे लोकांना सगळ्यात जड जातं, पण फवारलेल्या जागेवर मुंग्या आमिषाला तोंड लावत नाहीत. शिवाय घराभोवतीच्या बारीक काळ्या मुंग्यांपैकी काही जातींच्या एकाच वस्तीत अनेक राण्या असतात. आमच्या मागच्या अंगणात फरशीच्या कडेने अशी एकच रांग होती. मी तिच्यावर दोन दिवस स्प्रे मारला. पंधरा दिवसांत न्हाणीघराच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी अशा तीन रांगा झाल्या. वस्तीचे तुकडे होऊन राण्या वेगवेगळीकडे गेल्या होत्या, आणि एका जागी संपलं असतं ते काम मला तीन जागी करावं लागलं.

पाहणीची वेळ सकाळी ऊन तापायच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या जमिनीवर बहुतेक मुंग्या बाहेर पडत नाहीत. तेव्हा बघून "कमी झाल्या" असं म्हणू नका.

रांगेत दोन्हीकडून ये-जा असते. तोंडात काही धरलेली किंवा पोट टम्म फुगलेली मुंगी शोधा आणि तिच्या मागे जा. ती बिळाकडेच चाललेली असते. बीळ सापडलं की शेजारी विटेचा तुकडा ठेवा. दुसरं टोक, म्हणजे त्या खायला कुठे जातात तेही शोधा. ही दोन टोकं कळली की निम्मं काम झालं.

आता कोणती मुंगी आहे ते बघा.

लाल मुंगी मोकळ्या, उन्हातल्या जमिनीत राहते. भोकाभोवती चाळल्यासारख्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो. धक्का लागला की झुंडीने पायावर चढते आणि चावा आगीसारखा झोंबतो. पेरलेलं बारीक बी उचलून नेणाऱ्यांत हीच पुढे असते. मेथी किंवा नाचणी उगवलीच नाही तर वाफ्याच्या कडेला तिचं भोक आहे का ते बघा.

बारीक, लांब पायांच्या, सरळ न चालता वेड्यावाकड्या पळणाऱ्या काळ्या मुंग्या कुंडीखाली, सैल फरशीखाली आणि पाल्यापाचोळ्यात असतात. घरात येतात त्या बहुधा ह्याच.

मुंगळे, म्हणजे डोंगळे, झाडाच्या बुंध्याशी जमिनीत राहतात आणि झाडावर चढतात ते मुख्यतः मावा आणि पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किड्यांसाठी. त्यांचा बंदोबस्त बिळापाशी होत नाही, फांदीवर होतो. तो तिसऱ्या टप्प्यात आहे.

कोकणातल्या लोकांसाठी चौथी एक: आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणारी तांबूस ओंबील. तिला मारू नका. काजूवरच्या ढेकण्यासारख्या किडींना ती आवरते. ती घरात येतेच ती पत्र्याला किंवा कौलांना टेकलेल्या फांदीवरून. तेवढी फांदी छाटली की प्रश्न मिटतो. आंबे उतरवताना चावते, तेव्हा हाताला राख चोळून चढतात ते उगाच नाही.

पुढे जाण्याआधी तपासा. पंखवाले किडे दिसले असतील तर ती वाळवी नाही ना याची खात्री करा. एक किडा पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते, मिशा कोपरात वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीला कंबर नसते, मिशा सरळ असतात, चारही पंख सारख्या लांबीचे. वाळवी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिचा इलाज वेगळा आणि तातडीचा आहे.

२. त्यांना सध्या काय हवंय ते विचारून घ्या

विचारायचं म्हणजे चव द्यायची. एका जुन्या पोस्टकार्डावर किंवा पुठ्ठ्यावर तीन ठिपके ठेवा: गुळाचं पाणी, शेंगदाण्याचा कूट तेलात कालवून, आणि सुकटीचा बारीक चुरा. (शाकाहारी घरात पहिले दोन पुरेत.) पुठ्ठा रांगेपासून वीतभर लांब ठेवायचा, रांगेवर नाही. तासाभराने कुठे गर्दी आहे ते बघायचं.

काळ्या बारीक मुंग्या बहुधा गुळाच्या पाण्यावर दाटतात. लाल मुंगी तेल आणि सुकटीकडे वळते. पण हे दर वेळी ठरलेलं नसतं. बिळात अळ्या जास्त असल्या की प्रथिनाची मागणी वाढते, आणि गेल्या महिन्यात साखरेवर तुटून पडलेली वस्ती या महिन्यात कुटावर जाते. "मागच्या वर्षी हेच आमिष चाललं होतं" म्हणून चाचणी टाळू नका.

इथेच एक गैरसमज काढून टाकते. रवा किंवा साबुदाणा टाकला की मुंग्या तो खातात, पोटात फुगतो आणि त्या मरतात, असं सर्रास सांगितलं जातं. पूर्ण वाढलेली मुंगी घन कण गिळूच शकत नाही. ती फक्त द्रव शोषते. घन खाणं बिळात नेऊन अळ्यांना देते, अळ्या ते पचवतात आणि त्यांच्याकडून द्रव रूपात परत मिळतं. रव्याने तुम्ही वस्तीचं रेशन भरता आहात. साखरेच्या कणांत कोरडी बोरिक पावडर मिसळून ठेवणंही म्हणूनच फसतं: मुंगी साखरेचा कण निवडून उचलते आणि पावडर तिथेच राहते.

३. बाकीची पंगत उठवा

दुसरीकडे भरपूर खायला असताना मुंगी आमिषाकडे कशाला येईल? हा टप्पा बहुतेक लोक गाळतात.

सोपं आधी: कोंबड्यांचं आणि मांजराचं उरलेलं खाणं संध्याकाळी उचलायचं. खोवलेल्या नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, फणसाच्या चारखंडा दाराजवळ टाकायच्या नाहीत. कंपोस्टची बादली भिंतीपासून लांब. मुंग्यांना साखर घालायची रीत अनेक घरांत आहे, माझी आईही घालायची. ती मोडा असं मी सांगणार नाही. पण घालायची तर कुंपणापलीकडे, बांधावर घाला, तुळशीपाशी नाही.

आता खरं काम, झाडांवरचं. जास्वंद, पेरू, सीताफळ, लिंबू, चवळी यांचे कोवळे शेंडे आणि पानांची मागची बाजू बघा. मावा किंवा कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर पानं चिकट लागतील आणि खालच्या पानांवर काजळीसारखी काळी बुरशी धरलेली असेल. हे किडे रस शोषतात आणि गोड चिकट स्राव बाहेर टाकतात. मुंग्यांचं हेच दुभतं. भिंग घेऊन बघा: मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थोपटते, मागून पाण्यासारखा एक थेंब येतो आणि ती तो टिपून घेते. बदल्यात माव्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना ती हुसकावते. म्हणून मावा मारून मुंग्या ठेवल्या तर मावा परत येतो, आणि मुंग्या मारून मावा ठेवला तर मुंग्या परत येतात. दोन्ही एकाच आठवड्यात हाताळावं लागतं.

क्रम असा. आधी जास्त भरलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका. मग पाइपच्या जोराच्या धारेने पानांची खालची बाजू धुवा. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर १ लिटर कोमट पाण्यात आधी थोडा पातळ साबण आणि मग ५ मिली निंबोळी तेल घालून, सतत हलवत फवारा. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगत राहतं आणि पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी, शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल जाऊन पानं करपतात. सात दिवसांनी पुन्हा. मोजक्या जागी पिठ्या ढेकूण असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढला तरी चालतं.

बुंध्याला चिकट पट्टा बांधायचा तर आधी फडक्याची आणि त्यावर प्लास्टिकची चार बोटं रुंद पट्टी घट्ट गुंडाळा आणि त्या प्लास्टिकवर ग्रीस लावा. साल उघडी ठेवून थेट तिला ग्रीस फासू नका, खोड खराब होतं. भिंतीला, तारेला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली एक जरी फांदी राहिली तरी पट्टा फुकट; मुंग्या तो पूल दिवसाभरात शोधतात.

४. आमिष: कमी विषच जास्त काम करतं

लागतं काय: बोरिक पावडर, साखर, कोमट पाणी, वजनकाटा. पावडर केमिस्टकडून लेबल वाचून घ्या. कॅरमवर टाकायची पावडर कधी बोरिक असते, कधी नसते.

पाव लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम साखर आणि २.५ ग्रॅम बोरिक. म्हणजे साखर १० टक्के, बोरिक १ टक्का. काटा नसेल तर चहाच्या चमच्याने साखर सहा सपाट चमचे आणि बोरिक अर्धा सपाट चमचा. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, तळाशी पांढरं काही राहता कामा नये. बोरिकऐवजी टाकणखार (बोरॅक्स) वापरणार असाल तर तो बोरिकच्या दीडपट घ्या.

सगळ्यांचा हात सुटतो तो इथे. "अर्ध्याऐवजी दोन चमचे टाकले, लवकर मरतील." तसं केलं की दोनपैकी एक होतं: चव लागून मुंग्या तोंड फिरवतात, किंवा पिऊन वाटेतच मरतात. आपल्याला ती जिवंत घरी पोचायला हवी आहे. बिळात ती पोटातला द्रव तोंडातोंडी बाकीच्यांना पाजते, आणि असं करत तो अळ्यांपर्यंत आणि राणीपर्यंत जातो. त्याला दिवस लागतात.

कुटाकडे वळणाऱ्यांसाठी शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट, थोडं तेल, नखभर गूळ आणि कुटाच्या वजनाच्या १ टक्का बोरिक, सगळं लोण्यासारखं घोटून. बोरिक तेलात विरघळत नाही, म्हणून घोटण्यात कसर करू नका. साखरेच्या पाण्याइतका याचा भरवसा मी देत नाही.

सावध: तयार आमिष दिसायला साध्या साखरपाण्यासारखं असतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत "विष" लिहा, फ्रिजमध्ये किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. ढवळायचा चमचा पुन्हा जेवणात नको. उरलेलं कुंडीत किंवा वाफ्यात ओतू नका. बोरिकमधला बोरॉन जास्त झाला की झाडांची पानं कडेने जळतात.

५. मांडणी

औषधाच्या रिकाम्या, झाकणाच्या प्लास्टिक डब्या घ्या. काठाला तापलेल्या दाभणाने तीन-चार भोकं पाडा. आत कापसाचा बोळा ठेवून तो आमिषात भिजवा. कापूस नसेल तर मुंग्या द्रवात बुडतात आणि ते मेलेले थर बाकीच्यांना वाट अडवतात. झाकण घट्ट लावून डबी रांगेशेजारी, सावलीत, विटेने दाबून ठेवा. वीट लहान मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून आणि कोंबड्यांपासून डबी वाचवते. संध्याकाळी मांडा.

एकाच मोठ्या वाटीपेक्षा चार-पाच लहान डब्या बऱ्या. एक बिळाजवळ, एक खाण्याच्या टोकाला, बाकी मधल्या वाटेवर.

पहिल्या रात्री रांग वाढेल. दुसऱ्या दिवशी कापसाभोवती मुंग्या खेटून बसलेल्या दिसतील, पोटं फुगून पाठीवरच्या पट्ट्या एकमेकींपासून लांब झालेल्या. हे बघून लोक घाबरतात आणि स्प्रे उचलतात. तसं केलंत तर पहिल्या टप्प्यापासून सगळं पुन्हा. गर्दी झाली म्हणजे आमिष लागू पडलं. हात लावू नका.

साखरपाणी उन्हाळ्यात आंबतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी ताजं भरा. गर्दी साधारण आठवड्यात ओसरू लागते. पण डब्या लगेच उचलू नका: वस्ती पूर्ण बसायला तीन ते आठ आठवडेही लागतात, आणि मधल्या काळात कोशातून नव्या मुंग्या निघतच असतात.

तपासा: तीन दिवसांत एकही मुंगी आली नसेल तर आमिषात बोरिक जास्त पडलंय, चव चुकली आहे, किंवा जागेवर जुन्या फवाऱ्याचा वास आहे. त्याच क्रमाने दुरुस्त करा.

६. लाल मुंगीचं बीळ

हिच्या बाबतीत बोरिकवर विसंबून चालत नाही. बीळ मोकळ्या जागी असेल तर उकळतं पाणी हा साधा उपाय आहे, पण तांब्याभर पाण्याने काही होत नाही. एका बिळाला १० ते १२ लिटर लागतं. सकाळी कोवळं ऊन पडल्यावर ओता, तेव्हा अळ्या आणि राणी उबेसाठी वरच्या थरात आलेल्या असतात. आधी काठीने उकरून बघायचा मोह आवरा. धक्का बसताच राणीला खोल नेतात. सावकाश, भोकात आणि मग भोवतीने ओता. तीन-चार दिवसांनी ताजी माती वर आली असेल तर पुन्हा. एका वेळेत संपेलच असं नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं.

पायात गमबूट, मुलं घरात, आणि पातेलं दोघांनी धरून न्यायचं. झाडाच्या मुळांपासून हातभर आत उकळतं पाणी नको, तिथे दुकानातलं मुंग्यांसाठीचं औषध लेबलवरच्या मापानेच वापरा. विहिरीजवळ आणि ज्या झाडाची पानं-भाजी खाता त्याच्या आळ्यात तेही नको.

पोटमाळ्यावर जुनं गॅमेक्सिन (कीटकनाशक पावडर) सापडलं तर ते वापरू नका. त्यातलं लिंडेन भारतात २०१३ पासून वापरायलाही बंद आहे. शेतात मुंग्यांसाठी टाकत ती मेथिल पॅराथिऑनची भुकटी २०१८ साली बंद झाली. "पूर्वी हेच टाकायचो" हे खरं, पण त्या गोष्टी माणसाला आणि मातीला दोघांना घातक आहेत.

चावल्यावर नुसती आग आणि पुरळ असेल तर थंड पाणी पुरतं. ओठ, डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास अडला तर घरगुती काही करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

७. कुंडीतलं बीळ

कुंडीत मुंग्या म्हणजे बहुधा माती आतून कोरडी पडली आहे. कुंडी घरापासून लांब नेऊन टबात ठेवा आणि मातीच्या वर बोटभर येईल इतकं पाणी भरा, त्यात दोन थेंब साबण. शेजारी दुसरी कोरडी मातीची कुंडी ठेवून दोघींवर काठी आडवी टाका. पाच मिनिटांत मुंग्या तांदळाच्या कणीसारख्या पांढऱ्या अळ्या तोंडात धरून वर येतात आणि काठीवरून पलीकडे जातात. अर्ध्या तासाने कुंडी काढून निथळू द्या. पलीकडची कुंडी बांधावर नेऊन रिकामी करा.

नंतर कुंडी विटांवर ठेवा. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे तसंच इथे स्टँडखाली करता येतं. मात्र ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून वाटी घासायचीच, नाहीतर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळाल.

८. फटी आता बुजवा

सगळ्यात शेवटी, आणि रांगा थांबून दहा दिवस झाल्यावरच. आधी बुजवल्या तर आतली वस्ती दुसरीकडून, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून, वाट काढते. फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट, पाइप भिंतीतून जातो तिथे सिलिकॉन, दाराखाली रबरी पट्टी. भिंतीलगत वीतभर पट्टा पालापाचोळ्याशिवाय, कोरडा ठेवा. हे जूनच्या पहिल्या सरींआधी उरकायचं तर सुरुवातीला मे संपायची वाट बघून चालत नाही. बिळात पाणी शिरलं की त्या अंडी घेऊन कोरड्या जागी, म्हणजे घरात येतात.

हळद, दालचिनी, कापूर, लिंबू यांचा उपयोग आता, उंबऱ्यापाशी चुकार मुंगी वळवण्यापुरता. मीठ अंगणात टाकू नका, माती बिघडते.

पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी विसरू नका. मुंग्या उबेला आत शिरतात, संपर्काच्या पट्ट्यांमध्ये चिरडतात, आणि मोटर चालू होत नाही किंवा गुरगुरत राहते. आत स्प्रे मारू नका, तो पेट घेऊ शकतो. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून कोरड्या ब्रशने साफ करून घ्या, वायर आत जाते ती भोकं बंद करा, आणि आमिषाची एक डबी पेटीच्या आत नाही, खाली जमिनीवर ठेवा. ती डबी मी पावसाळाभर तशीच भरत राहते.